खरवडलेली तार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी जे बोलायचे राहिले ते एकदोन ठिकाणी लिहिताना घातले आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या त्या शनिवारच्या उपक्रमाबद्दल दहा मिनिटं बोला." इंजिनिअरिंग कॉलेजात ३१ वर्षं शिकवलेल्या बाईला दहा मिनिटांत थांबता येत नाही, हे त्यांना माहीत असूनही त्यांनी धाडस केलं. आधी आभार मानते, नंतर वेळ संपला म्हणून चिठ्ठी आली तर राहून जायचं.

दर शनिवारी सकाळी साडेसातला आपल्या गेटवर पाच-सहा मुलंमुली पिशव्या घेऊन उभी असतात. वॉचमनकाका त्यांची नावं वहीत लिहितात आणि पुढे "सी विंग, मॅडम, सामान" असं लिहितात. बऱ्याच जणांना वाटतं की मी रिटायर झाल्यावर क्लास काढला. क्लास नाही. ही इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलची सेकंड-थर्ड इयरची मुलं. आपल्या मागच्या भिंतीपलीकडे जी महापालिकेची शाळा आहे, तिथे नववी-दहावीच्या मुलांबरोबर ती विज्ञानाचे प्रयोग करतात. सामान माझ्या घरी असतं, म्हणून आधी इथे येतात. गेली आठ वर्षं हे चाललंय.

पहिला प्रश्न नेहमी एकच येतो: यातून किती मुलं इंजिनिअर झाली? मी मोजलेलं नाही. आमचं काय काय चुकलं ते मात्र मला तारीखवार सांगता येईल, तेच सांगते.

सुरुवात राष्ट्रीय सेवा योजनेतून झाली. ही योजना १९६९ सालची, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षातली. यात विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करायची असते. कागदावर फार चांगलं आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे एप्रिल जवळ आला की मुलं तास शोधत फिरायची. कुठे रक्तदान शिबिर, कुठे टेकडीवर झाडं. मी म्हटलं, माझ्या घरामागे शाळा आहे, तिथे चला.

गेलो. एका रंगाचे टी-शर्ट, हातात बॅनर. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून ज्वालामुखी उडवला. इंजेक्शनच्या सिरिंजांची क्रेन उचलून दाखवली. मोबाइलवर चालणारी गाडी वर्गभर फिरवली. ६० पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मुख्याध्यापकांनी नारळ दिला, फोटो झाला. विज्ञानाच्या बाई मागच्या बाकावर बसून होत्या. आम्हीच त्यांना "तुम्ही आज आराम करा" म्हटलं होतं.

निघताना बाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "छान झालं मॅडम. फक्त एक सांगू का? सोमवारी मला याच वर्गावर जायचंय. पोरं म्हणणार, बाई, तुम्ही का नाही असं करत?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मनात आलं होतं, मग करा ना, कोणी अडवलंय? शाळेतले शिक्षक प्रयोग करत नाहीत, कपाटं कुलपात ठेवतात, हे मीसुद्धा चार ठिकाणी बोललेली बाई.

कोणी अडवलंय, ते तिसऱ्या खेपेला कळलं. आमच्या एका मुलाने शाळेच्या कपाटातला गॅल्व्हनोमीटर घेतला आणि सरळ बॅटरीला जोडला. गॅल्व्हनोमीटर अगदी थोडा प्रवाह ओळखायला असतो, मध्ये रेझिस्टन्स न घालता बॅटरीला जोडायचा नसतो, हे त्याच्या स्वतःच्या जर्नलमध्ये लाल शाईने लिहिलेलं होतं. काटा एका टोकाला आपटला आणि तिथेच राहिला. मुलगा म्हणाला, "सॉरी बाई." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त डेड स्टॉक रजिस्टर काढून मला ते पान दाखवलं. वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि शेवटी ती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची सही. ती सही बाईंची होती. वस्तू बिघडली की निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याला मंजुरी, आणि मंजुरी येईपर्यंत प्रत्येक तपासणीत प्रश्न. मी दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन स्वतःच्या पैशाने नवीन गॅल्व्हनोमीटर आणला. बाई म्हणाल्या, "हा नवा झाला, मॅडम. रजिस्टरात जुना आहे." तो कागद पुरा व्हायला आठ महिने लागले. तेवढ्यात त्या मला एकदाच म्हणाल्या, "म्हणून कपाट उघडत नाही आम्ही. आळस नाही तो."

त्यानंतर दोन महिने मी शाळेत गेले नाही. तोंड नव्हतं. परत गेले ती बाईंनीच बोलावलं म्हणून. संध्याकाळी आपल्या बागेतल्या बाकावर त्या आणि मी बसलो आणि त्यांनी त्यांच्या अटी सांगितल्या. तास त्या घेणार, आमची मुलं पाच-पाच जणांच्या गटात खाली बसणार. रजिस्टरात चढलेली एकही वस्तू वापरायची नाही. आणि कॉलेजच्या मुलांनी हात पाठीमागे ठेवायचे. शेवटची अट ऐकून मी हसले. पाळायला तीच सर्वांत कठीण निघाली. दहा वर्षांच्या पोराची गाठ सुटत नसेल तर आपला हात आपोआप पुढे जातो, मग इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलाचं काय विचारता! आमचा एक मुलगा तर स्वतःच्या पँटच्या मागच्या खिशांत हात घालूनच बसायचा.

रजिस्टरात न चढणारं सामान म्हणजे काय, याचं उत्तर पुण्यातच होतं. अरविंद गुप्तांचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. १९७५ साली आयआयटी कानपूरमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, पुण्यात टेल्कोत लागले आणि १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे १९७२ पासून १६ शाळांमध्ये, खेड्यापाड्यातल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं असा कार्यक्रम सुरू झालेला होता. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले लोक सुट्ट्या काढून तिकडे जात. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून भूमितीच्या आकृत्या करण्याचं गुप्तांचं काम तिथलंच. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशा कितीतरी वस्तू करून दाखवल्या आणि त्यांची पुस्तकं, फिल्म सगळ्यांना फुकट खुल्या ठेवल्या. त्यातली एक मोटार आम्ही घेतली.

ती कशी करतात ते सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. टॉर्चचा मोठा सेल घ्यायचा. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिने सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना पक्क्या बांधायच्या, त्यांची गोल भोकं वर येतील अशा. सेलवर एक चुंबक ठेवायचा. इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे देऊन रिंग करायची, तिची दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढायची आणि पिनांच्या भोकांत अडकवायची. तारेवर इनॅमलचा थर असतो, म्हणून टोकं खरवडायची. एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं अर्धंच, म्हणजे वरच्या बाजूचं खरवडायचं आणि खालचं तसंच ठेवायचं. हलकासा धक्का दिला की रिंग गरगर फिरते.

तारेसाठी मी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन केलं, "बंद पडलेले पंखे द्या." तुम्ही नऊ पंखे दिलेत. आम्ही उत्साहाने उघडले आणि लक्षात आलं की पंख्यातली तार फार बारीक. रिंग केली की ती वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी वाकडी होऊन बसायची. इलेक्ट्रिकलची आम्ही सगळी माणसं, पंख्याच्या वाइंडिंगचं डिझाइन शिकवणारी, पण पंखा उघडण्याआधी कोणाच्याही डोक्यात हे आलं नाही. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, २२ गेज पायजे. पप्पांकडं तुकडे पडलेले असतात." तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. पुढच्या शनिवारी ती पिशवीभर तुकडे घेऊन आली.

त्या शनिवारी सगळे गट मोटार करत होते. ही मुलगीही. तिने काचपेपरने दोन्ही टोकं लखलखीत, पूर्ण गोल खरवडली. आमची थर्ड इयरची मुलगी तिच्या गटात होती. ती म्हणाली, "अगं चुकलं, एक अर्धंच ठेवायचं. ही फिरणार नाही." आणि अट विसरून तिने रिंग तिच्या हातातून काढून घेतली. मी शेजारीच उभी होते. मीही म्हटलं, "हो, ही नाही फिरणार. थोडी हलेल आणि थांबेल."

मुलगी म्हणाली, "पण पप्पा सांगतात, जोडाची तार अर्धी खरवडली की जोड तापतो." तिचं अगदी बरोबर होतं. रिवाइंडिंगच्या दुकानात तो पहिला धडा असतो. तिने रिंग परत घेतली, पिनांत टाकली, टिचकी मारली. ती फिरली. अडखळत, उड्या मारत, पण फिरत राहिली. सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा झाला. आणि मग पोरांनी आमच्याकडे बघितलं.

काय करावं? ३१ वर्षं मी इलेक्ट्रिकल मशिन्स शिकवलं. मला पहिल्यांदा सुचलं ते असं, की "बरं, ती नशिबाने फिरली, आता नीट करा." तोंडापर्यंत आलेलं होतं. विज्ञानाच्या बाई तिकडून शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, का फिरली?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्या शाळेत मी बोललेलं ते पहिलं उपयोगी वाक्य.

पुढचे तीन शनिवार त्यातच गेले. दहावीच्या पुस्तकात विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आहे, तो बाईंनी लवकर काढला. रिंगेतून प्रवाह गेला की रिंग स्वतः चुंबक होते. खालचा चुंबक तिची एक बाजू ओढून घेतो. ती बाजू समोर आली की रिंगेने तिथेच थांबायला पाहिजे, झोपाळा खाली येऊन थांबतो तशी. म्हणून नेमक्या त्या वेळी प्रवाह तोडायचा, म्हणजे आलेल्या वेगाने रिंग पुढे निघून जाते आणि अर्ध्या फेरीनंतर पुन्हा ओढ मिळते. अर्धं इनॅमल ठेवायचं ते एवढ्यासाठी. मग पूर्ण खरवडलेली का फिरावी? पोरांनी रिंगेकडे जवळून बघितलं. एकाने मोबाइलवर फिल्म काढून ती हळू करून दाखवली. मुलीची रिंग थोडी लंबगोल आणि एका अंगाला जड होती. फिरताना तिचं टोक पिनेच्या भोकात उडत होतं. उडालं की जोड सुटतो, प्रवाह तुटतो. इनॅमलचं काम तिथे उडी करत होती! मुलीने दुसरी रिंग केली, एका नाण्याभोवती अगदी गोल, दोन्ही बाजू सारख्या, आणि तीही पूर्ण खरवडली. ती दोनदा डुलली आणि थांबली. तेव्हा कुठे आम्ही आधी म्हटलेलं खरं झालं. पण ते आमच्या म्हणण्याने खरं झालं नाही, तिच्या दुसऱ्या रिंगेने झालं.

आमची थर्ड इयरची मुलगी जिना उतरताना मला म्हणाली, "मॅडम, कम्युटेटरवर मी दोनदा सहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. पूर्ण मार्क मिळाले." पुढे बोलली नाही. मीच ते पेपर तपासले असतील, कोणास ठाऊक.

इथे जरा आमच्या घरातलं सांगते. इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग चुकलं तर मुलं पुन्हा घेत नाहीत. सिनिअरची फाइल मिळवतात आणि उत्तराकडून मागे येत आकडे भरतात. जर्नल स्वच्छ, सही मिळते, सबमिशन होतं. मी सह्या केल्या आहेत, हजारोंनी. शाळेतल्या पोरांना ही विद्या अजून आलेली नाही. जिन्यावरून दोऱ्याला दगड टांगून त्यांनी लंबकाचा वेळ मोजला, तर तीन गटांचे तीन आकडे आले आणि तिन्ही गट आपल्या आकड्यासाठी भांडले. आमच्या मुलांपैकी एकाने सवयीने कुजबुजत "खरा" आकडा सांगितला. पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही मोजला का?" त्या वर्षापासून माझ्या कॉलेजच्या मुलांनी स्वतःच्या फाइलीत चुकीची रीडिंग्ज तशीच ठेवायला सुरुवात केली, आणि माझ्या एका सहकाऱ्याने माझ्याकडे तक्रार केली की तुमचा बॅच जर्नल घाण ठेवतो.

मोटारीनंतर पोरांनी विचारलं, "पंख्यात खरवडलेली तार कुठे असते?" आमच्या मुलांनी पंखा उघडून शोधली. तिथे ती नसतेच. पंख्याच्या फिरणाऱ्या भागाला बाहेरून तार जोडलेलीच नसते. आपल्या पाण्याच्या पंपाचंही तसंच. मग कशात असते? मिक्सरमध्ये. म्हणून दुसरं आवाहन केलं आणि तुम्ही १४ मिक्सर दिलेत. त्यातला एक चालू निघाला. सूनबाईंनी दिला होता, सासूबाई परत न्यायला आल्या. नावं घेत नाही, दोघीही समोर बसल्या आहेत. बाकीच्या तेरांमध्ये कार्बनच्या कांड्या आणि तांब्याच्या चकत्यांची काळी पडलेली कडी पोरांनी बोट लावून बघितली. बोट काळं झालं की वहीत त्याचा ठसा उमटवायचा, अशी त्यांची पद्धत.

आता एक काळजीची गोष्ट. होशंगाबादचा तो कार्यक्रम शेकडो शाळांपर्यंत पोचला आणि २००२ साली सरकारने बंद केला. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९९ साली योजना काढली होती, विज्ञान-इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आणि त्यांनी शाळेतल्या शिक्षकांबरोबर वर्गात काम करायचं. जीके-१२ असं तिचं नाव. २०११ साली तीही गुंडाळायचं ठरलं. आमच्याकडे ना सरकार ना शिष्यवृत्ती, पण आमची मुलं दर वर्षी पास होऊन जातात. तयार झालेला मुलगा फायनल इयरला प्लेसमेंटच्या मागे लागतो आणि शनिवारी त्याला फोनही करवत नाही. जे काही टिकायचं ते शाळेतल्या माणसापाशी टिकलं तरच.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कॉलेजची परीक्षा पुढे ढकलली गेली आणि आम्ही सहा आठवडे गेलोच नाही. अपराधी वाटून मी एकटी बाईंची माफी मागायला गेले. वर्गाच्या दारात थांबले. आत मोटारी फिरत होत्या. बाईंनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आठ संच करून ठेवले होते, पिना, ट्यूबच्या पट्ट्या, तार, काचपेपर. रजिस्टरात त्यांची नोंद नाही. एक पोरगा अडला होता आणि बाई हात पाठीमागे बांधून त्याच्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि आत या म्हटलं नाही. तास चालू होता.

गेल्या जूनमध्ये बाईंची बदली झाली. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. श्रीखंडाचे डबे त्या घेऊन गेल्या, आणि योग्यच केलं. नवीन सर आले आहेत. सज्जन आहेत, पण कपाट बंद आहे आणि पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचा कार्यक्रम कधी ठेवायचा? बॅनर आहे का?" म्हणजे आम्ही पुन्हा पहिल्या शनिवारवर आलो. यंदाची आमची मुलं नवी आहेत, तीही टी-शर्ट छापून तयार होती. ते माझ्या घरी पडून आहेत. सरांना मी बागेतल्या बाकावर चहाला बोलावलंय. अटी त्यांनी सांगायच्या आहेत, अजून त्यांनी सांगितलेल्या नाहीत. मी घाई करत नाही.

ती रिवाइंडिंगवाल्यांची मुलगी पुढे काय झाली, असं विचाराल. कॉमर्सला गेली. वडिलांच्या दुकानाचा हिशोब बघते. तार अजून तीच आणून देते, आणि बाईंच्या नव्या शाळेतही पोचवते. गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला होता, "तार संपली. आणि मॅडम, इथे एकाची रिंग पूर्ण खरवडूनही फिरत्येय, गोल असूनही. तुमची मुलं पाठवा." आम्ही शनिवारी जाणार आहोत.

सेक्रेटरीसाहेबांची चिठ्ठी आली. समितीला विनंती एवढीच: सी विंगच्या जिन्याखालची जागा सामानासाठी मागितली आहे, अर्ज मागच्या सभेपासून पडून आहे. आणि मिक्सर अजूनही हवे आहेत. देण्यापूर्वी ते खरोखर बंद आहेत याची घरात सर्वांना विचारून खात्री करावी.